जुन्या जीपच्या शाफ्टाचा कंप : त्याची परीक्षा कशी करावी ?

कृष्णाकांठच्या रानांत ज्यानें पावसाळे काढले आहेत, त्यास चारही चाकांनीं ओढणाऱ्या गाडीचें महत्त्व निराळें सांगावयास नको. काळी माती एकदां ओली झाली म्हणजे साधी मोटार बांधापाशींच थांबते व बैलांचेही पाय रुततात. अशा दिवसांत खताचें पोतें मळ्यांत न्यावयाचें असो, फवारणीचा पंप न्यावयाचा असो किंवा वस्तीवरील आजारी माणसास मिरजेच्या दवाखान्यांत पोंचवावयाचें असो, घरची जुनी जीपच उपयोगीं पडते. नवी गाडी घेण्याइतका पैसा प्रत्येकाजवळ नसतो. असला तरी रानांतील कामास जुनी, साधी व घरच्या घरीं दुरुस्त होणारी गाडीच अनेकांस सोईची वाटते. सांगली, विश्रामबाग, मिरज या टापूंत अशा गाड्या जपून वापरणारे बागाइतदार म्हणूनच अद्याप आढळतात.

या गाड्यांचें एक नेहमींचें दुखणें असें कीं, गाडी ठराविक वेगास पोंचली म्हणजे तळास थरथर सुटते, आरसा कांपूं लागतो, बैठकीखालून घरघर ऐकूं येते, आणि वेग उतरला कीं सर्व शांत होतें. गॅरेजमध्यें 'शाफ्टाचा क्रॉस गेला' असें निदान होतें व क्रॉस बदलला जातो. कंप राहतो. मग टायर बदलतात, मग पाटे बदलतात, शेवटीं गिअरबॉक्स उतरविला जातो. हंगामाचा पैसा खर्ची पडतो आणि कंप होता तेथेंच असतो. वैद्यानें नाडी न पाहतां औषधें बदलीत जावें, तसलाच हा प्रकार होय.

ही नाडी कशी पाहावी, तें या लेखांत सांगावयाचें आहे. त्याचें मुख्य सूत्र एकच आहे : गाडींतील फिरणाऱ्या भागांच्या गती निरनिराळ्या असतात, कंप ज्या भागाच्या गतीबरोबर वाढेल व उतरेल, त्या भागाकडे प्रथम पाहावें. हें सूत्र ध्यानांत धरून क्रमानें चौकशी केली, तर बहुतेक परीक्षा फुकट अथवा अल्प खर्चांत होते, आणि विकत घ्यावयाचा सुटा भाग कोणता, हें तो घेण्यापूर्वीं समजतें.

रचनेची ओळख

विलीस कंपनीची लष्करी जीप १९४१ सालीं अमेरिकेंत बनूं लागली. १९४७ सालीं महिंद्र मंडळीनें विलीसच्या गाड्या सुट्या भागांच्या रूपानें भारतांत आणविल्या, व पुढें त्याच घराण्याच्या गाड्या येथें तयार होऊं लागल्या. आपल्याकडील बहुतेक जुन्या जीपांची मूळ रचना त्यामुळें सारखीच आहे.

एंजिनाची शक्ति गिअरबॉक्सांतून ट्रान्सफर केसमध्यें येते. तेथून एक शाफ्ट मागच्या आंसाकडे व दुसरा पुढच्या आंसाकडे जातो. यांसच प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. ट्रान्सफर केस गाडीच्या सांगाड्यास पक्का बांधलेला असतो, तर आंस पाट्यांवर वरखालीं होत असतो. म्हणून शाफ्टाच्या दोन्ही टोकांस वळणारा एकेक सांधा असतो आणि शाफ्टाची लांबी कमीजास्त व्हावी यासाठीं त्यावर दांते पाडलेला सरकता जोड असतो. वळणाऱ्या सांध्यांत अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा बसविलेला असतो. त्यास कारागीर 'क्रॉस' म्हणतात. क्रॉसच्या चारही टोकांवर एकेक वाटी असते व वाटींत बारीक पोलादी सुया असतात. या सुयांवर सांधा फिरतो. वाट्या ज्या दोन कानांत अडकतात, त्या भागास 'योक' म्हणतात.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढच्या चाकांस फ्री-व्हील हब नसतील, तर गाडी नुसत्या मागच्या चाकांनीं ओढीत असतांही पुढचा शाफ्ट फिरतच असतो. तो पुढच्या चाकांकडून फिरविला जातो. 'पुढचा गिअर टाकलेला नाहीं, अर्थात् पुढच्या शाफ्टाचा संबंध नाहीं' हा समज म्हणून चुकीचा आहे.

क्रॉसचा स्वभाव

या सांध्याशीं शेतकऱ्याचा परिचय आहे. ट्रॅक्टरच्या मागें रोटाव्हेटर जोडतात, तो पी.टी.ओ. शाफ्ट याच जातीचा. रोटाव्हेटर जमिनींत असतांना शाफ्ट सुरळीत फिरतो. वळणावर तो पी.टी.ओ. बंद न करतां उंच उचलला कीं खडखडाट सुरू होतो. शाफ्टाचे भाग तेच, फेऱ्यांची संख्याही तीच. बदललेला असतो तो केवळ कोन.

याचें कारण असें. क्रॉस कोनांत फिरूं लागला म्हणजे त्याच्या एका बाजूस गति एकसारखी असली, तरी दुसऱ्या बाजूस ती एका फेऱ्यांत दोनदां वाढते व दोनदां घटते. इटलींतील पंडित कार्डानो यानें सोळाव्या शतकांत व इंग्लंडांतील हूक यानें सतराव्या शतकांत ज्या सांध्याचा विचार केला, तोच हा सांधा. विश्रामबागेच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी तो हूकच्या नांवानें गणितासह शिकतात. गणिताचा निष्कर्ष शेतकऱ्यास पुरेल इतका असा : कोन १० अंशांचा असल्यास, सरासरी गति १०० धरली, तर पलीकडची गति ९८.५ व १०१.५ यांमध्यें हेलकावे खाते. कोन २० अंशांचा झाला कीं हीच गति ९४ व १०६.४ यांमध्यें हेलकावते. कोन दुप्पट, परंतु हेलकावा सुमारें चौपट.

मग गाडी सुरळीत चालते ती कशी ? शाफ्टाच्या दुसऱ्या टोकाचा क्रॉस पहिल्याच्या उलट हेलकावा देतो आणि दोहोंची फेड होते. ही फेड होण्यास दोन अटी आहेत. पहिली अशी कीं, शाफ्टाच्या नळीस जोडलेल्या दोन्ही टोकांच्या योकांचे कान एकाच पातळींत असावे. दुसरी अशी कीं, दोन्ही टोकांचे कोन सारखे असावे. यांपैकीं एक अट मोडली कीं नवाकोरा क्रॉस घातला तरी कंप जात नाहीं. आणि अनेक गाड्यांत नेमकें हेंच मोडलेलें असतें.

गतीचा हिशेब

आपल्या गाडीचा हिशेब एकदां कागदावर मांडून ठेवावा. ६.००-१६ मापाच्या टायरचें चाक एका फेऱ्यांत सुमारें २.२ मीटर अंतर कापतें. गाडी ताशीं ६० किलोमीटर वेगानें चालली असतां मिनिटास १००० मीटर जाते. म्हणजे चाकाचे मिनिटास सुमारें ४५५ अथवा सेकंदास साडेसात फेरे होतात. जुन्या जीपच्या आंसांत ५.३८ चें प्रमाण असेल, तर शाफ्टाचे सेकंदास सुमारें ४० फेरे पडतात. क्रॉसचा हेलकावा फेऱ्यास दोनदां होतो, म्हणून तो सेकंदास सुमारें ८० वेळां येतो.

या तीन आंकड्यांतच अर्धें निदान आहे. साडेसातचा धक्का हातास व बैठकीस वेगळा जाणवतो. त्याचा ठेका जवळजवळ मोजतां येतो. चाळीसचा कंप मोजतां येत नाहीं. तो घरघरीसारखा लागतो. ऐंशींचा त्याहून बारीक गुणगुणीसारखा ऐकूं येतो. ठेका मोजतां येत असेल, तर शाफ्टास हात लावण्यापूर्वीं चाकें, टायर व त्यांचें वजन तपासावें.

आंसाचें प्रमाण ठाऊक नसेल, तर तें घरींच काढतां येतें. सपाट जागीं बाकीच्या तिन्ही चाकांस दोन्हीं बाजूंनीं ठोकळे लावून मागचें एकच चाक उचलावें, आंसाखालीं लोखंडी घोडी द्यावी, गिअर व ट्रान्सफर केस मोकळे करावे, हातब्रेक सोडावा, आणि चाक हातानें बरोबर दोन फेरे फिरवावें. दुसरें मागचें चाक स्थिर असल्यामुळें या दोन फेऱ्यांत शाफ्ट जितके फेरे फिरेल, तेंच आंसाचें प्रमाण. शाफ्टावर खडूची रेघ ओढून फेरे मोजावे.

हल्लीं मोबाइल फोनमध्यें सेकंदास किती कंप होतात तें दाखविणारीं साधनें मिळतात. फोन गाडीच्या तळावर घट्ट ठेवून चाकाचा व शाफ्टाचा कंप वेगळा ओळखण्यास त्यांचा उपयोग होतो. मात्र अशा साधनाच्या नोंदी सेकंदास बहुधा शंभर ते दोनशेंच असतात. म्हणून बारीक, जलद कंपाविषयीं त्यांचा आंकडा पुरावा म्हणून न धरतां कानाचा व पुढील परीक्षांचा आधार घ्यावा.

पहिली परीक्षा : रस्त्यावर

विश्रामबागेवरून मिरजेस जाणारा रस्ता आतां वस्तीचा व वर्दळीचा झाला आहे. तेथें परीक्षा करूं नये. सरळ, सपाट व मोकळा रस्ता निवडावा, सोबत एक माणूस घ्यावा, आणि चालविणाऱ्यानें रस्त्याकडे पाहावें व दुसऱ्यानें वहींत नोंद करावी. पुढील चार प्रश्नांचीं उत्तरें लिहून काढावीं.

१. कंप गाडीच्या वेगाबरोबर जातो कीं एंजिनाच्या ? कंप वरच्या गिअरमध्यें ताशीं ५० किलोमीटरला येत असेल, तर एंजिनास न ताणतां जमेल त्या खालच्या गिअरमध्यें तोच वेग गांठावा. कंप त्याच वेगास आला, तर दोष एंजिनाच्या पलीकडे, शाफ्ट, आंस अथवा चाकें यांत आहे. खालच्या गिअरमध्यें तो कमी वेगासच येऊं लागला, तर एंजिन, क्लच किंवा एंजिनाखालील रबरें पाहावीं. जुन्या तीन गिअरांच्या जीपमध्यें वरचा गिअर सरळ असतो. त्यांत एंजिन व शाफ्ट यांचे फेरे सारखेच पडतात. म्हणून नुसत्या वरच्या गिअरवरून या दोहोंतील दोषी ओळखतां येत नाहीं. गिअर बदलण्याचें महत्त्व यासाठींच आहे.

२. क्लच दाबल्यावर काय होतें ? सपाट रस्त्यावर, मागेंपुढें वाहन नसतां, कंपाच्या वेगांत क्लच दाबून एंजिन मंद होऊं द्यावें. कंप जसाच्या तसा राहिला, तर एंजिन निर्दोष. ही परीक्षा उतारावर अथवा घाटांत कधींही करूं नये.

३. कंप ओढीवर वाढतो कीं मोकळेपणीं ? चढावर, भरलेल्या गाडींत अथवा नुकती गाडी हलवितांना थरथर येत असेल, तर कोनाचा संशय घ्यावा. कारण ओढीच्या वेळीं आंस किंचित् फिरून त्याचें नाक वर येतें. पाय सोडल्यावर खडखड येत असेल, तर क्रॉस अथवा पिनियनचे बेअरिंग सैल असण्याचा संभव अधिक. ओढीचा कांहींच संबंध नसेल व नुसत्या वेगानेंच कंप वाढत असेल, तर तोल गेलेला किंवा वांकलेला शाफ्ट अथवा चाकें, यांकडे पाहावें.

४. कंप कोठें जाणवतो ? बैठकीखालीं व तळास जाणवणारा कंप बहुधा शाफ्टाचा अथवा मागच्या चाकांचा असतो. सुकाणूचें चाक हातांत जोरानें डावें-उजवें झटके देऊं लागलें, तर तो निराळा रोग आहे. त्यासाठीं पुढचे टायर, किंगपिन व सुकाणूचे सांधे तपासावे. अशा गाडीस वेगानें हांकणें धोक्याचें आहे.

याच वेळीं चार चाकांचा दांडा कोणत्या स्थितींत आहे, तेंही पाहावें. कठीण डांबरी रस्त्यावर चारही चाकें जोडून वळणें घेतलीं, तर पुढचीं व मागचीं चाकें सारखें अंतर कापीत नाहींत. मधल्या यंत्रास पीळ पडून गाडी अडखळते व झटके देते. पुढचे-मागचे टायर कमीजास्त झिजलेले असल्यास सरळ रस्त्यावरही असेंच होतें. हा शाफ्टाचा दोष नसून दांडा चिखलासाठीं आहे, हें विसरल्याचें फळ आहे. ज्या गाडीस फ्री-व्हील हब आहेत, तिचे हब मोकळे करून एक फेरी मारावी. कंप नाहींसा झाला, तर पान्हा न लावतांच पुढच्या शाफ्टाकडे बोट दाखविलें गेलें असें समजावें.

दुसरी परीक्षा : डोळ्यांनीं व हातांनीं

रस्त्यावरच्या नोंदींनीं शाफ्टाकडे संशय वळला, तरच गाडीखालीं जावें. गाडी सपाट कठीण जमिनीवर असावी, चाकांस दोन्हीं बाजूंनीं ठोकळे लावावे, किल्ली काढून खिशांत ठेवावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं शिरूं नये. एंजिन चालू ठेवून, चाकें अधांतरीं फिरवून, खालून शाफ्ट पाहण्याचा प्रकार कांहीं ठिकाणीं चालतो; तो सर्वथा वर्ज्य समजावा. पी.टी.ओ. शाफ्टांत धोतराचा सोगा किंवा सदऱ्याची बाही सांपडून काय होतें, तें शेतकऱ्यास ठाऊक आहे. जीपचा शाफ्ट त्याहून कितीतरी पट वेगानें फिरतो.

प्रथम शाफ्ट धुवावा. वाळलेली काळी माती, गुंडाळलेलें पाचट, सुतळी किंवा तार निघाल्यावर पुन्हां एकदां गाडी चालवून पाहावी. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण हिशेब पाहावा : शाफ्टाच्या मध्यापासून ३ सेंटिमीटरवर ३० ग्रॅम, म्हणजे अडीच तोळे, माती एका बाजूस चिकटली असेल, तर सेकंदास ४० फेऱ्यांच्या वेळीं ती सुमारें ६ किलो वजनाइतक्या जोरानें शाफ्टास बाहेर ओढते, आणि ही ओढ सेकंदास चाळीस वेळां दिशा फिरविते. वेग निम्मा केला कीं हा जोर चौथाई होतो. कंप एखाद्या वेगास एकाएकीं उसळल्यासारखा वाटतो, याचें हें एक कारण होय. चाकांच्या आंतल्या कडेस बसलेली मातीही अशीच काढावी.

नंतर पुढील गोष्टी पाहाव्या. क्रॉसच्या वाटीपाशीं तांबूस भुकटी दिसली, तर आंतील ग्रीस संपून सुया गंजल्या आहेत असें समजावें. नळीवर दगड लागून खोंक पडली आहे काय, तोल साधण्यासाठीं डकविलेली पत्र्याची चकती निघून गेल्याची खूण दिसते काय, योकाचे नट-बोल्ट सैल आहेत काय, तें पाहावें. एका हातानें योक व दुसऱ्या हातानें शाफ्ट धरून उलटसुलट पिळावा; लहान पहारीनें वरखालीं उचलून पाहावा. निरोगी क्रॉसमध्यें हातास जाणवेल इतका खेळ नसतो. सरकत्या जोडांत, ट्रान्सफर केसच्या योकांत व पिनियनच्या योकांत वरखालीं हालचाल आहे काय, हेंही तेव्हांच पाहावें. कारण बेअरिंग सैल असेल, तर नवीन क्रॉसही लवकर जातो. सोडलेल्या शाफ्टाचा क्रॉस हातानें वळवितांना अडखळला, तर तो जुना असो वा नवा, निकामी समजावा.

तिसरी परीक्षा : जुळणी व कोन

आतां वर सांगितलेल्या दोन अटी तपासावयाच्या. शाफ्टाच्या नळीवरील दोन्ही टोकांचे कान एका पातळींत आहेत काय, तें टोकाकडून डोळा लावून पाहावें. सरकता जोड पूर्वीं कधीं उपसला असेल व पुन्हां बसवितांना एक-दोन दांते चुकले असतील, तर कान एकमेकांशीं तिरपे दिसतात. पुष्कळ शाफ्टांवर यासाठीं समोरासमोर बाणाच्या खुणा असतात, त्या जुळवाव्या. कांहीं मोटारींच्या पुढच्या शाफ्टाचे कान मुद्दाम तिरपे बसविलेले असतात. म्हणून आपल्या गाडीचें पुस्तक पाहून मगच फेरबदल करावा. दांते नीट बसविण्यास एक पैसाही लागत नाहीं. याउलट, ही तपासणी न करतां घेतलेले क्रॉस मात्र वायां जातात.

कोन मोजण्यास शाळेंतील मुलाचा कोनमापक व ओळंबा पुरतो. गाडी सपाट जागेवर स्वतःच्या चाकांवर उभी असावी, आणि नेहमीं जितकें ओझें असतें तितकें तींत ठेवावें. कोनमापकाच्या मध्यबिंदूस बारीक दोरा व लहान वजन बांधावें. त्याची सरळ कड प्रथम ट्रान्सफर केसच्या योकाच्या घांसलेल्या सपाट भागास, मग शाफ्टाच्या नळीस व शेवटीं पिनियनच्या योकास लावून तिन्ही उतार लिहून घ्यावे. शेजारच्या दोन उतारांतील अंतर म्हणजे त्या टोकाचा कोन. योकाची सपाट कड शाफ्टाच्या दिशेशीं काटकोनांत असेल, तर तो हिशेब धरावा. दोन्ही टोकांच्या कोनांत एक अंशाहून अधिक फरक असूं नये, असा सामान्य नियम आहे. कोन अगदीं शून्य असणेंही इष्ट नाहीं. सुया थोड्या तरी फिरल्या पाहिजेत, नाहींतर त्या एकाच जागीं खळगे पाडतात.

कोन बिघडण्याचीं कारणें बहुधा आपल्याच फेरबदलांत असतात. ओझें अधिक घालतां यावें म्हणून पाट्यांत पाटे वाढविले, कीं गाडी उंच होते. जीपचा मागचा शाफ्ट आंखूड असतो. दोन क्रॉसमधील अंतर ५० सेंटिमीटर धरल्यास गाडी ५ सेंटिमीटर उंच झाली, तरी कोन सुमारें ६ अंशांनीं वाढतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे राहिले, तरी मधला शाफ्ट स्वतः हेलकावे खातच असतो; म्हणून मोठा कोन कोणत्याही स्थितींत वाईटच. जुनें पेट्रोल एंजिन काढून डिझेल एंजिन बसवितांना गिअरबॉक्स वरखालीं झाला असेल, त्याखालील रबर दबलें असेल, पाट्यांचा मधला बोल्ट तुटला असेल किंवा यू-बोल्ट सैल होऊन आंस फिरला असेल, तरीही कोन बिघडतात. उपाय कारणाप्रमाणें करावा : रबर बदलावें, बोल्ट आवळावे, जादा पाटे काढावे. कारण दूर करणें अशक्य असेल तेव्हांच आंस व पाटा यांमध्यें योग्य मापाची पोलादी पाचर द्यावी. लांकडाची पाचर दाबली जाऊन यू-बोल्ट सैल पडतात.

चवथी परीक्षा : शाफ्ट काढून

एवढ्यानेंही उलगडा न झाल्यास एकेक शाफ्ट काढून गाडी चालवावी. प्रथम दोन्ही बाजूंस पंचानें खुणा कराव्या, म्हणजे शाफ्ट होता तसाच परत बसेल. वाट्या गळून सुया सांडूं नयेत म्हणून त्यांभोंवतीं दोरी अथवा चिकटपट्टी गुंडाळावी. पुढचा शाफ्ट आधीं काढावा. त्यावांचून गाडी मागच्या चाकांवर नेहमींप्रमाणें चालते. कंप गेला, तर पुढचा शाफ्ट दोषी. राहिला, तर तो परत बसवून मागचा काढावा, चार चाकांचा दांडा टाकून गाडी बेताच्या वेगानें पुढच्या चाकांवर चालवून पाहावी.

येथें वाचकांनीं एक इशारा नीट ध्यानांत ठेवावा. विलीस घराण्याच्या जुन्या जीपांत हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागें, शाफ्टाच्या मुळाशीं असलेल्या ड्रमवर लागतो. मागचा शाफ्ट सुटला कीं हातब्रेक व मागचीं चाकें यांचा संबंधच तुटतो. गिअरमध्यें ठेवलेली गाडीही त्या चाकांस धरून ठेवीत नाहीं. गाडी थोड्याशा उतारावर असेल, तर शेवटचा बोल्ट निघतांच ती खालच्या माणसासह चालूं लागते. म्हणून हें काम सपाट जागींच करावें, चारही चाकांस ठोकळे लावावे, आणि शाफ्ट परत बसेपर्यंत ते काढूं नयेत.

काढलेला शाफ्ट वांकला आहे काय, हें खराद कामगाराकडे दोन टोकांवर फिरवून पाहावें. नळी अर्ध्या मिलिमीटरहून अधिक लंगडत असेल, तर ती सरळ करून घ्यावी व तोल साधण्याच्या यंत्रावर तपासून घ्यावी. अंदाजानें वजन डकविण्यापेक्षां हाच खर्च योग्य होय.

नवा क्रॉस व पुढची निगा

क्रॉस खरोखरच गेला असेल, तर तो बसवितांना वाट्या हातोड्यानें न ठोकतां व्हाइसमध्यें सरळ दाबाव्या. एखादी सुई वाटीच्या तळाशीं आडवी पडली, कीं वाटी पूर्ण आंत जात नाहीं व लॉक खांचेंत बसत नाहीं. अशा वेळीं जोर न करतां वाटी काढून सुया पुन्हां लावाव्या. ग्रीस चारही टोकांतून किंचित् बाहेर येईपर्यंत भरावें. सरकत्या जोडासही ग्रीस द्यावें. तो कोरडा पडला, तर पाटे दबतांना शाफ्ट अडतो व बेअरिंगांवर धक्का बसतो.

आपल्या भागांत पाण्याचा विचार विशेष केला पाहिजे. २००५, २०१९ व २०२१ सालच्या महापुरांत कृष्णेचें पाणी सांगलीच्या वस्तींत शिरलें होतें. जी गाडी पाण्यांत उभी राहिली, तिच्या क्रॉसमध्यें, आंसांत व ट्रान्सफर केसमध्यें पाणी गेलें असें धरूनच चालावें. तेल दुधासारखें पांढरट दिसल्यास तें ताबडतोब बदलावें, क्रॉसमध्यें नवें ग्रीस भरून जुनें बाहेर काढावें. ओढ्यांतून अथवा चिखलांतून नेहमीं जाणाऱ्या गाडीसही ग्रीस देण्यास पुढच्या सर्व्हिसची वाट पाहूं नये.

कंपाकडे दुर्लक्ष केल्यास काय होतें, तेंही सांगितलें पाहिजे. सततच्या थरथरीनें प्रथम ट्रान्सफर केसचें सील गळूं लागतें, मग तेल उतरून बेअरिंग जातें. दोनशें रुपयांचें काम हजारांवर जातें. याहून वाईट म्हणजे क्रॉस चालत्या गाडींत तुटणें. मागच्या शाफ्टाचें पुढचें टोक सुटून रस्त्यावर पडलें व खड्ड्यांत रुतलें, तर गाडी त्यावर उचलली जाऊन उलटण्याचाही संभव असतो. मागें माणसें बसवून नेण्याची वहिवाट असलेल्या गाडींत ही जोखीम मालकानें घेऊं नये. कंप एकाएकीं वाढला अथवा त्यास टकटक आवाजाची जोड मिळाली, कीं गाडी तेथेंच उभी करून खालीं पाहावें.

या जिल्ह्यांतील शेतकऱ्यास लोखंडाची ओळख नवी नाहीं. १९१० सालीं किर्लोस्करवाडीस कारखाना उभा राहिला व लोखंडी नांगर घरोघर पोंचले. नांगर खोल जात नसेल, तर जाणता शेतकरी तो मोडींत काढीत नाहीं. प्रथम जुंपणी पाहतो, मग सांखळीची लांबी, मग फाळाची धार. जीपच्या कंपासही हाच क्रम लागू आहे : आधीं वेग व गिअर यांची नोंद, मग माती व नट-बोल्ट, मग कानांची जुळणी व कोन, मग शाफ्ट काढून परीक्षा, आणि सर्वांत शेवटीं सुटा भाग विकत घेणें. गाडी कारागिराकडे न्यावयाची झाली, तरी ही नोंदीची वही बरोबर न्यावी. 'गाडी थरथरते' एवढेंच सांगणाऱ्या मालकास अंदाजाची दुरुस्ती मिळते. 'ताशीं ५० ला, कोणत्याही गिअरमध्यें, ओढीवर अधिक, तळास' असें सांगणाऱ्या मालकाचें काम कारागीरही नेमकेपणानें करतो.